मधल्या फळीवरचं सामान

घरात मासे धरायचे गळ बाहेर निघाले की मी आधी भिंगरीला उचलते, बाकीचं मग. भिंगरी म्हणजे माझी मुलगी. खरं नाव वेगळं आहे, पण रांगायला लागल्यापासून ती एका जागी ठरत नाही म्हणून बाबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हे नाव ठेवलं आणि तेच चिकटलं. त्या शनिवारी दुपारी बाबांनी अडगळीच्या खोलीतून आपलं सगळं सामान आणून बाहेरच्या खोलीत सतरंजीवर मांडलं, तेव्हा मी तिला तिच्या जाळीच्या कुंपणात ठेवलं, हातात लाकडी चमचा दिला आणि फ्रिजवरचं लोहचुंबक काढून आणलं. सतरंजीच्या धाग्यांत पडलेला गळ डोळ्यांना दिसत नाही, लोहचुंबकाला बरोबर सापडतो. बाबा म्हणाले, अगं, अजून डबा उघडलासुद्धा नाही मी. म्हटलं, उघडायच्या आधी एकदा फिरवून ठेवते, म्हणजे नंतर सापडला तर आजचाच आहे हे कळेल. अशा बाबतीत माझ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, हे घरात सगळ्यांनी आता मान्य केलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना ड्रायव्हिंगच्या बाईंच्या होडीतून मासे धरायला जायचं होतं. आमच्या भागातल्या निम्म्या लोकांना या बाईंनी गाडी शिकवली आहे. मीही त्यांच्याकडेच शिकले. त्यांच्या गाडीत त्यांच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो, आणि शिकणारा काय घोळ घालणार आहे हे त्याच्या आधी त्यांच्या पायाला कळतं. सुट्टीच्या दिवशी मात्र त्या गाडीकडे ढुंकून बघत नाहीत. त्यांची छोटी इंजिनाची होडी आहे, तिघांपुरती. मागे सुकाणूवर बाई, पुढे टोकाला आमच्या गल्लीतले शिंपीमामा, आणि मधल्या फळीवर बाईंचा भाऊ. यंदा हा भाऊ दुसऱ्या गावी राहायला गेला. तेव्हापासून बाई त्या फळीसाठी माणसं बघत होत्या, स्थळं बघावीत तशा. आधी एक दातांचे डॉक्टर जाऊन आले. त्यांना पुन्हा बोलावणं गेलं नाही. का गेलं नाही ते कोणाला नीट माहीत नव्हतं, आणि बाबांचा जीव नेमका तिथेच अडकला होता.

बोलावलंय म्हणून जातो, नाहीतर मला काय, असं ते तोंडाने म्हणत होते. पण मी बघत होते ना. त्यांनी नखं कापली होती. टोपी धुऊन पालथ्या पातेल्यावर वाळत घातली होती, आकार बिघडू नये म्हणून. आणि सकाळी चहाच्या कपात बघत, अगदी सहज विचारल्यासारखं, त्यांनी मला विचारलं होतं, त्या डॉक्टरांचं काय बिनसलं गं, तुझ्या काही कानावर आलं का?

पूर्वी बाबांची स्वतःची होडी होती. छापखान्यात बायंडिंगचं काम करायचे तेव्हा सुट्टीच्या दिवशी छापखान्यातली मंडळी भरून न्यायचे. मग खांद्याचं दुखणं लागलं आणि इंजिनाची दोरी एका झटक्यात ओढता येईना. त्यांनी कोणालाही न विचारता होडी विकली आणि जेवताना आम्हाला सांगितलं. सांगून झाल्यावर भाजी वाढ म्हणाले. त्यानंतर धक्क्याच्या बाजूला फिरायला जाणं त्यांनी बंद केलं. तिकडे ऊन फार लागतं म्हणायचे. ऊन काय एकट्या धक्क्यावर पडतं? पण मी कधी विचारलं नाही.

तर एकदा जाऊन येणं एवढंच त्यांना नको होतं. त्यांना ती फळी हवी होती. पुन्हा पाण्यावर जायला मिळेल अशी दुसरी वाट त्यांच्याजवळ नव्हती, आणि ती मिळणार की नाही हे उद्याच्या एका सकाळवर अवलंबून होतं.

म्हणून मी त्यांच्या नकळत बाईंना फोन केला, न्हाणीघरात जाऊन, दार लावून. सोबत काय काय द्यायचं असं विचारलं. शाळेच्या पहिल्या दिवसासाठी विचारावं तसा माझा आवाज निघाला असणार, कारण बाई हसल्या. म्हणाल्या, काय द्यायचं ते सोपं आहे, काय नाही द्यायचं ते ऐक. एक पिशवी, मऊ, पायाखाली सरकवता येईल अशी. टणक पेटी नको. डॉक्टर एवढी मोठी पेटी घेऊन आले की पाय ठेवायला जागा नाही, आणि लाट आली की पेटी इकडून तिकडे. काळ्या तळव्यांचे बूट नकोत, फळ्यांवर डाग उठतात. दोऱ्या घरीच बांधून आणायच्या, गळ, पीळ पडू नये म्हणून लावायची फिरकी, सगळं लावून, कारण हलत्या होडीत गाठी मारत बसलं की माणसाला मळमळतं आणि मग सगळ्यांचीच सकाळ जाते. आणि शिशाची वजनं त्यांच्यासारखीच हवीत, तेवढ्याच भाराची. एकाचं हलकं नि एकाचं जड असलं की प्रवाहात एक दोरी पुढे पळते, दुसरी मागे राहते. मग मासे राहतात बाजूला आणि आम्ही बसतो वेणी सोडवत, असं त्या म्हणाल्या. बुडू नये म्हणून घालायच्या जाकिटाचं मी विचारलंच. ते घातल्याशिवाय त्या कोणाला होडीत पाय ठेवू देत नाहीत म्हणे. मग थोडं थांबून म्हणाल्या, डॉक्टरांचं पेटीवरून नाही हं बिनसलं. दिवसभर दुसऱ्यांची उघडी तोंडं बघून त्यांना स्वतःचं मिटायचं लक्षात राहत नाही. सारखं हे असं करा, ते तसं करा. होडीत शिकवणारी मी एकटी पुरे आहे.

फोन ठेवला तेव्हा मला घाम फुटला होता. पेटीचं मी निभावलं असतं, पण बाबांनी अख्खा जन्म सुकाणूवर काढलेला.

बाहेर आले तर पिशवी भरून झाली होती. मऊ होती, तेवढं बरं, पण फुगून तिचे बंद ताणले होते. मी म्हटलं, बघू तरी काय घेतलंय. वर एक जाड दोर निघाला, बंद पडलेली होडी बांधून ओढत आणायला लागतो तो. त्याखाली पाणी उपसायचं डबडं. मग पाना, फडक्यात गुंडाळलेला इंजिनाचा जादा प्लग, शिट्टी, हातपंप, आणि भोक पडलं तर ठोकून बसवायच्या लाकडी खुंट्या, लहानमोठ्या, एका मोज्यात भरलेल्या. तेवढ्यात माझा नवरा पाणी प्यायला आला. त्याने उभ्या उभ्या सगळं बघितलं आणि म्हणाला, छान आहे, हिच्या पिशवीत घर मावतं आणि बाबांच्या पिशवीत होडी. पाणी पिऊन निघूनही गेला.

भिंगरीची पिशवी भरताना मीसुद्धा अशीच करते, त्यामुळे मला हसता येईना. मी तळापर्यंत हात घालून बघितलं. मग विचारलं, "बाबा, यात मासे धरायचं काय आहे?"

त्यांनी पिशवीकडे बघितलं. मग सतरंजीवर पडलेल्या काठ्यांकडे, डब्यांकडे बघितलं, जणू ते दुसऱ्या कोणाचं सामान होतं. आणि खरंच होतं. ती काळी काठी त्यांच्या फोरमनची, ते रीळ कोणीतरी विसरून गेलेलं, हा डबा एका पाहुण्याचा. बाकीचे दोऱ्या सोडून बसायचे तेव्हा बाबा सुकाणू धरून होडी प्रवाहात उभी ठेवायचे, तासन्‌तास, इंजिन जरा वाढवून, जरा कमी करून. कोणाचा मासा लागला की होडी वळवून द्यायचे. परत आल्यावर मंडळी आपल्यातले मासे काढून त्यांना द्यायची. आम्ही लहानपणापासून बाबांनी आणलेले मासे खात होतो, पण ते मासे बाबांनी धरलेले नव्हते.

"मला मासे धरता येतात का, हेच मला माहीत नाही," ते म्हणाले. "होडी असली की ते कळायची वेळ येत नाही."

हे त्यांनी जरा हसून म्हटलं. मग गुडघ्यावरचा न पडलेला केर झटकला. मी खाली बसले, दोर बाहेर काढला आणि म्हटलं, हे सगळं बाईंच्या होडीत असणारच. ते म्हणाले, असेलच कशावरून. मी म्हटलं, नसलं तरी ती त्यांची होडी आहे. मग डबडं त्यांनी स्वतःच काढलं. खुंट्यांचा मोजा मात्र सोडेनात. एक तरी राहू दे, खिशात मावते, म्हणाले. मी नाही म्हटलं. भिंगरी कुंपणाच्या जाळीला तोंड लावून आमच्याकडे बघत होती आणि मधूनमधून चमचा आपटत होती. बाबा तिला म्हणाले, बघ गं, तुझी आई मला पण कुंपणात घालणार आहे.

मग आम्ही नव्याने पिशवी भरली. दोऱ्या बांधायला बसलो तेव्हा कळलं की गाठ त्यांच्या बोटांना येते, पण फिरकीच्या बारीक डोळ्यातून नायलॉनचा तंगूस त्यांना ओवता येत नाही. मी ओवून द्यायची, ते गाठ मारायचे, थुंकी लावून घट्ट ओढायचे आणि उरलेलं टोक दातांनी तोडायचे. प्रत्येक गळ मी बुचात खुपसत होते. बांधलेली दोरी पुठ्ठ्यावर गुंडाळायची, दोन्ही बाजूंना खाच पाडून. पुठ्ठे कापायचं काम त्यांचं. बायंडरच तो, पट्टीशिवाय सरळ कापले. वजनं मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून बाईंनी सांगितलेल्या भाराची निवडली. आवाज नको म्हणून ती खुंट्यांच्याच मोज्यात भरली, तेव्हा त्यातून काढलेल्या खुंट्या त्यांनी स्वतःच परत डब्यात टाकल्या.

हे करताना मी हळूच डॉक्टरांचं सांगितलं. बाईंना फोन केला हे सांगितलं नाही, कानावर आलं म्हटलं. बाबा दोरी गुंडाळता गुंडाळता थांबले. म्हणाले, म्हणजे बोलायचं नाही. मी म्हटलं, बोला की, फक्त सांगू नका. त्यांनी मान हलवली, आणि मला वाटतं त्या दिवशी भरलेल्या सगळ्या सामानात हेच त्यांना जड गेलं.

निजण्यापूर्वी मी पिशवीत एक जादा बनियन, गोळ्या, बिस्किटं आणि भिंगरीचे पाकिटातले ओले रुमाल सरकवून ठेवले होते. सकाळी उठले तर बनियन आणि बिस्किटं माझ्या टेबलावर नीट घडी करून ठेवलेली. गोळ्या नेल्या होत्या. रुमालही नेले होते.

धक्क्यावर सोडायला मी गेले, भिंगरीला कडेवर घेऊन. यायची काही गरज नाही असं बाबा दोनदा म्हणाले आणि रस्ता ओलांडताना दोन्ही वेळा माझ्यासाठी थांबले. पाणी शांत होतं. बाई आधीच होडीत उभ्या होत्या, शिंपीमामा पुढे बसून आमिष कापत होते. बाईंनी पिशवी हातात घेऊन तोलली आणि मधल्या फळीखाली सरकवली. बाबांचे बूट बघितले, तळवे पांढरे होते. बाईंनी दिलेलं जाकीट बाबांनी घातलं. बाबा होडीत उतरले ते मात्र असे, की मी त्यांना इतक्या वर्षांत तसं चालताना बघितलं नव्हतं. खांदा दुखरा, गुडघे धरलेले, पण पाय बरोबर मध्यावर पडला आणि होडी हललीसुद्धा नाही.

आणि उतरल्या उतरल्या त्यांचा हात धक्क्याला बांधलेल्या दोराकडे गेला.

"काका, बसा तुम्ही," बाई म्हणाल्या. "तो मामा सोडतील."

ते बसले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी दोन्ही तळहात जोडून गुडघ्यांमध्ये धरले, थंडी वाजल्यासारखे. बाईंनी एका झटक्यात इंजिनाची दोरी ओढली. त्या आवाजाला बाबांचा खांदा जरासा उचलला गेला. मी भिंगरीचा हात धरून हलवला, पण ते मागे बघत नव्हते. मधल्या फळीवर बसणाऱ्याचं तोंड कुठे असावं हेही ठरलेलं असतं, नाहीतर वजन एका बाजूला येतं.

ती सकाळ मी कशी काढली ते विचारू नये. भिंगरीला भरवलं, निजवलं, कपडे धुतले, सतरंजीवर पुन्हा एकदा लोहचुंबक फिरवलं. वारा दोनदा वाढल्यासारखा वाटला. नवरा म्हणाला, खिडकी बंद कर म्हणजे वाढणार नाही. पण बुडण्याची भीती मला वाटत नव्हती, हे मला जेवण गरम करताना लक्षात आलं. ते परत येतील आणि भाजी वाढ म्हणतील, त्याची वाटत होती.

दुपारी आम्ही तिघंही धक्क्यावर गेलो. होडी दिसली तेव्हा मी आधी माणसं बघितली, मग चेहरे. बाबा जिथे बसवले होते तिथेच होते, टोपी गुडघ्यावर. जवळ आल्यावर या वेळी दोराकडे त्यांचा हात गेला नाही. शिंपीमामांनी बांधेपर्यंत ते बसून राहिले, मग वर आले आणि भिंगरीला न घेताच माझ्या बाजूला उभे राहिले. त्यांच्या हातांना वास येत होता.

हळू आवाजात म्हणाले, "बोललो मी."

खाडीच्या तोंडाशी लाट तिरकी आली, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, डावीकडे घ्या. नुसतं निघालं नाही, मोठ्याने निघालं. बाई म्हणाल्या होत्या, डावीकडेच घेतेय. त्यानंतर परत येईपर्यंत बाबांनी तोंड उघडलं नव्हतं. मासा लागला का, असं माझ्या नवऱ्याने विचारलं. बाबांनी मान हलवली. एकही नाही.

मी भिंगरीला त्यांच्याकडे दिलं. त्यांनी हात वास मारताहेत म्हणून कोपरांनी तिला धरलं, आणि तिने लगेच टोपी ओढली.

शिंपीमामा मासे भरलेली बादली घेऊन वर आले. त्यांचं बोलणं नेहमी कमी, तोंडात टाचण्या धरून काम करायची सवय. पण माझ्यापाशी थांबून त्यांनी मोठा मासा दाखवला आणि म्हणाले, हा तुमच्या वडिलांमुळे आला. माझ्या गळाला लागला तसा होडीच्या खालून पळत सुटला. तुमच्या वडिलांनी स्वतःची दोरी तेवढ्यात गुंडाळून वर घेतली होती, कोणी सांगायच्या आत. नाहीतर दोन्ही दोऱ्या गुंतून तुटल्याच असत्या. प्रत्येक वेळी घेतली, म्हणाले. म्हणून त्यांना स्वतःला काही मिळालं नाही. बाबा भिंगरीच्या हातातून टोपी सोडवत होते. ऐकू आलं नाही असं दाखवत होते, पण त्यांचा कान मला माहीत आहे, लाल झाला होता.

बाई खाली होडी धूत होत्या. धुऊन झाल्यावर त्यांनी मधल्या फळीखालची पिशवी काढून वर माझ्या नवऱ्याकडे दिली. ओल्या रुमालांचं पाकीट त्यांच्या स्वतःच्या खिशातून डोकावत होतं, आणि त्यांनी ते परत देण्याची काही चिन्हं दिसत नव्हती.

"काका," त्यांनी खालूनच हाक मारली, "माझ्या होडीला ब्रेक नाही ते बरं. असता तर आज तुम्ही दाबलाच असता."

बाबांनी भिंगरीला माझ्याकडे दिलं आणि धक्क्याच्या कडेला गेले. चुकलं, म्हणाले. हात जोडायच्या बेतात होते. बाईंनी ब्रश बादलीत टाकला.

"चुकायचं काय त्यात. मला रोज ओरडतात लोक, गाडी त्यांना येत नसताना. तुम्हाला येतंय तरी," त्या म्हणाल्या. मग कपाळावरचा घाम मनगटाने पुसून, पाण्याकडे बघत, "पुढच्या रविवारी भरती मोठी आहे. ही वजनं तळाला टिकायची नाहीत. जरा जड आणा."

बाबा तसेच उभे राहिले. मला त्यांची पाठ दिसत होती, जाकिटाच्या पट्ट्यांनी चुरगळलेला सदरा, आणि मानेवर उन्हाने आलेली लाल रेघ. भिंगरी माझ्या कानातलं ओढत होती, मी ओढू दिलं. मग बाबांनी घसा खाकरला, आणि छापखान्यात गिऱ्हाइकाला पानांची जाडी विचारायचे त्याच आवाजात म्हणाले, "किती जड?"